लोखंडासाठी झिजणारे जस्त

कूलरची टाकी चार-पाच उन्हाळ्यांत गळू लागते आणि तसल्याच पत्र्याचे छप्पर मात्र वीस-वीस वर्षे टिकते. दोन्हींवर जस्त असते, मग हा फरक का? जस्ताचा मुलामा लोखंडाला कसा राखतो आणि कुठे हार मानतो, हे समजून घेतले तर घरातले बरेच पैसे वाचतील.

होळी झाली की जबलपूरमध्ये माळ्यावर ठेवलेले कूलर खाली उतरू लागतात. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो आणि हवा कोरडी असते. त्यामुळे नेपियर टाऊन असो, राईट टाऊन असो की खमरिया-रांझीकडच्या वसाहती असोत, वातानुकूलन यंत्रे वाढली तरी खिडकीतल्या कूलरचे महत्त्व कमी झालेले नाही. कूलर पुसला जातो, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या जातात, टाकीत पाणी भरले जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीखालची भिंत ओली दिसते. टाकीला भोक पडलेले असते. मग लांबी भरणे, डांबर फासणे, पत्र्याचे ठिगळ लावणे सुरू होते आणि शेवटी नवी टाकी येते.

नवी टाकी घ्यायला गेलेले गिऱ्हाईक दुकानदाराला हमखास विचारते, “भैया, चादर कितने गेज की है?” जबलपूरला पत्र्याला चादरच म्हणतात. प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. गेज म्हणजे पत्र्याची जाडी. टाकी किती वर्षे टिकणार हे मात्र त्या पत्र्यावरच्या जस्ताच्या थरावर अवलंबून असते आणि त्याबद्दल कुणीच विचारत नाही. डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असलेल्या त्या थराचीच ही गोष्ट आहे.

कल्हई वेगळी, जस्त वेगळे

एका धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा देणे मराठी घरांना नवे नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावतात, ती कथलाची. पूर्वी घराघरांत दिसणारे रॉकेलचे आणि वनस्पती तुपाचे डबे म्हणजे कथलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्राच. बादल्या, पन्हळी आणि छपराचे पत्रे यांच्यावर मात्र जस्त असते. म्हणून तर आपण त्यांना जस्ती बादली, जस्ती पत्रा म्हणतो.

वरवर पाहता दोन्ही मुलामे सारखेच, चांदीसारखे पांढरे. पण त्यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या डब्याला एखादा ओरखडा पडला की तिथे तांबूस रेघ उमटते आणि काही दिवसांत ती पसरत जाते. जस्ती बादलीला विहिरीच्या काठावर घासून ओरखडा पडला, तर ती जागा बराच काळ काळसर-करडी राहते, गंज चढत नाही. असे का होते?

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की लोखंड गंजते. ही क्रिया खरे तर विजेची आहे. लोखंडाच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक विद्युतघट तयार होतात. एका जागेचे लोखंड विद्युतकण गमावून विरघळते, शेजारच्या जागी ते कण प्राणवायू आणि पाणी घेतात. विरघळलेल्या लोखंडाचा पुढे तांबूस गंज बनतो. हा गंज फुगीर आणि भुसभुशीत असतो. तो खालच्या लोखंडाला झाकत नाही, उलट ओल धरून ठेवतो. म्हणून लोखंड आतआत खाल्ले जाते.

आता दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असतील आणि दोघांवर पाणी असेल, तर त्यांतला जो अधिक चंचल तो आधी विरघळतो आणि दुसरा वाचतो. कथलापेक्षा लोखंड चंचल आहे. त्यामुळे डब्याला ओरखडा पडला की कथील सुरक्षित राहते आणि लोखंडाचाच बळी जातो. जस्त मात्र लोखंडापेक्षा चंचल. ओरखड्यातून लोखंड उघडे पडले तरी शेजारचे जस्त स्वतः विरघळते आणि आपले विद्युतकण लोखंडाला देत राहते. जोवर जवळपास जस्त शिल्लक आहे, तोवर लोखंडाला गंज चढत नाही.

थोडक्यात, कथील हा पडदा आहे आणि जस्त हा पहारेकरी. पडदा फाटला की संपला. पहारेकरी जखमी झाला तरी लढत राहतो. मात्र त्यालाही मर्यादा आहे. हे संरक्षण उघड्या जागेच्या कडेपासून फार तर काही मिलिमीटरपर्यंत पोचते. बारीक ओरखडा, खिळ्याचे भोक, पत्र्याची कापलेली कड एवढ्यापुरते ते पुरते. तळहाताएवढी जागा खरवडली गेली तर जस्ताचा इलाज चालत नाही.

जस्ताची दुसरी ढाल

जस्त नुसतेच झिजत राहिले असते तर ते कधीच संपले असते. पण त्याच्याकडे आणखी एक युक्ती आहे. नवा पत्रा चकचकीत असतो, काही महिन्यांत तो मंद करडा होतो. लोकांना वाटते पत्रा खराब झाला. खरे तर तो तेव्हा पक्का होतो. हवेतला प्राणवायू, ओल आणि कर्बद्विप्राणिल वायू यांच्याशी संयोग होऊन जस्तावर जस्त-कार्बोनेटची घट्ट, पाण्यात सहजी न विरघळणारी साय धरते. ही साय धरली की जस्ताची झीज फार मंदावते.

पण ही साय धरायला एक अट आहे. पत्रा भिजला पाहिजे, तसा तो वाळलाही पाहिजे आणि त्याला मोकळी हवा मिळाली पाहिजे. ही अट लक्षात ठेवा. कूलरच्या टाकीचे कोडे तिथेच सुटते.

नाव बेडकाच्या तंगडीवरून

जस्ताच्या मुलाम्याला इंग्रजीत गॅल्व्हनायझिंग म्हणतात. बाजारातली ‘जीआय’ पाइप, ‘जीआय’ शीट ही नावे त्यावरूनच आली. इटलीतल्या बोलोन्या गावचे शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या तंगडीला दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श होताच ती आखडते, असे पाहिले आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांनी लोखंडावर कधी जस्त चढवले नाही. पण दोन धातूंच्या संगतीने वीज वाहते हे त्यांच्या प्रयोगातून पुढे आले. १८३७ मध्ये फ्रान्समधल्या स्टॅनिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि तिला गॅल्व्हानींचे नाव दिले.

जस्ताच्या बाबतीत भारताची कामगिरी याहून कितीतरी जुनी आहे. जस्त काढणे अवघड असते, कारण धातुकातून ते मोकळे होते त्या उष्णतेला त्याची वाफच होते आणि हवा लागताच ती वाफ जळून जाते. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशा उलट्या ठेवून ही वाफ खाली थंड जागेत उतरवण्याची युक्ती शोधली होती. युरोपात जस्ताचे कारखाने निघण्याच्या कितीतरी आधी जावरला हा धातू मोठ्या प्रमाणावर तयार होत असे. त्या मुशांचे ढीग आजही तिथे पाहायला मिळतात.

आज जगात निघणाऱ्या एकूण जस्तापैकी जवळपास निम्मे जस्त लोखंड-पोलादाला गंजापासून वाचवण्यातच खर्च होते. ते उगाच नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत गंज आणि धातूंची झीज यांमुळे होणारे नुकसान जगाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ३.४ टक्के असल्याचा अंदाज देण्यात आला होता.

साडेचारशे अंशांची कढई

जबलपूर हे तसे लोखंड जाणणारे गाव. तोफगाड्यांचा कारखाना इथे १९०४ पासून आहे, लष्करी वाहनांचा कारखाना १९६९ पासून. राज्याच्या विद्युत मंडळाचे मुख्यालय इथेच होते आणि मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या तरी विजेच्या पारेषण कंपनीचे मुख्यालय आजही इथल्या शक्तिभवनात आहे. गावाबाहेर पडले की शेतांतून रांगेने जाणारे विजेचे उंच मनोरे दिसतात. त्यांना कुणी रंग देताना दिसत नाही. तरी ते गंजत नाहीत. का? तर ते जस्तात न्हालेले असतात.

हे न्हाणे पाहण्यासारखे असते. आधी लोखंडी तुकडे क्षाराच्या गरम पाण्यात धुऊन तेलकटपणा काढतात. मग ते आम्लाच्या हौदात बुडवून जुना गंज आणि काळी खपली उतरवतात. त्यानंतर येतो नवसागर. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धूर निघतो आणि भांडे लख्ख होते. तोच नवसागर इथे जस्ताच्या क्षाराबरोबर वापरतात. लोखंडाचा पृष्ठभाग अगदी निर्मळ व्हावा आणि जस्त नीट धरावे, हा त्याचा हेतू. शेवटी सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या वितळलेल्या जस्ताच्या मोठ्या कढईत तुकडा बुडवतात.

काही मिनिटांतच जस्त आणि लोखंड एकमेकांत शिरतात. त्यांच्या सीमेवर दोन्हींच्या मिश्रणाचे थर तयार होतात. त्यांतले काही थर तर खालच्या पोलादापेक्षाही कठीण असतात. म्हणून हा मुलामा रंगासारखा पापुद्रा होऊन सुटत नाही. तो लोखंडाचाच भाग झालेला असतो.

मनोरा जवळून पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्याचे तुकडे जागेवर वेल्डिंगने जोडलेले नसतात, बोल्टने जोडलेले असतात. भोके पाडणे, कापणे हे सारे आधी होते, मग प्रत्येक तुकडा जस्तात बुडतो आणि शेवटी नुसती जुळणी होते. नंतर वेल्डिंग केले तर त्या जागचे जस्त जळून जाईल. घराचे फाटक किंवा जिन्याचा कठडा करताना हाच क्रम पाळायला हवा, पण बहुधा उलटे होते. जस्ती नळ आणून तो जागेवर वेल्ड केला जातो आणि दोन पावसाळ्यांत नेमका सांधाच तांबडा होतो.

जबलपूरची हवा आणि समुद्राची हवा

जस्त किती वर्षे पुरेल हे दोनच गोष्टींवर ठरते. थर किती जाड आणि हवा कशी.

थर मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भारतीय मानकानुसार पत्र्यावरचे जस्त दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असे सांगितले जाते आणि त्यात दोन्ही बाजूंचे जस्त धरलेले असते. २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर एका बाजूला साधारण १९-२० मायक्रॉन जस्त असते. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर जेमतेम आठ-साडेआठ मायक्रॉन. दिसायला दोन्ही पत्रे सारखेच. मनोऱ्यांच्या जाड लोखंडावर मात्र एकेका बाजूला दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन जस्त असावे लागते.

आता हवेचे. समुद्रापासून दूर, कारखान्यांचा फार धूर नसलेल्या भागात उघड्यावरचे जस्त वर्षाला सरासरी एका मायक्रॉनच्या आसपास झिजते. अगदी समुद्राकाठी, खारट वाऱ्यात हीच झीज चार ते आठ मायक्रॉनपर्यंत जाते. जबलपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हवा बरीच कोरडी. म्हणून २७५ ग्रॅमचा पत्रा इथे छपरावर वीस वर्षे सहज काढतो आणि मनोरे तर पन्नास वर्षांची गोष्ट करतात. तोच पत्रा रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर तीन ते पाच वर्षांत जस्त गमावून बसेल. नोकरीनिमित्त जबलपूरला आलेले कोकणातले कुटुंब गावच्या घराला पत्रे घालायचे ठरवते, तेव्हा जबलपूरचा अनुभव तिकडे लागू पडत नाही. तिथे अधिक जाड थर, त्यावर रंगाचे कवच किंवा जस्त-ॲल्युमिनिअमच्या मिश्र मुलाम्याचा पत्रा घेणेच शहाणपणाचे.

मग कूलरचीच टाकी का गळते?

जबलपूरची हवा जस्ताला एवढी मानवते, तर मग टाकी का टिकत नाही? कारण टाकीला ती हवा मिळतच नाही. छपरावरचा पत्रा भिजतो आणि वाळतो. टाकीचा तळ मार्चपासून जूनपर्यंत सतत पाण्याखाली असतो. त्यामुळे वर सांगितलेली संरक्षक साय तिथे नीट धरतच नाही आणि जस्त उघड्या अंगाने झिजत राहते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कूलर दिवसाला दोन-तीन बादल्या पाणी पिऊन टाकतो. पण उडून जाते ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार टाकीतच राहतात. रोज नवे पाणी, रोज नवे क्षार. आठवडाभर टाकी रिकामी केली नाही तर आतले पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारट झालेले असते. बोअरचे जड पाणी असेल तर विचारूच नका. म्हणजे समुद्रापासून इतक्या दूर राहूनही आपण खिडकीत एक छोटा समुद्र तयार करून ठेवतो.

तिसरे कारण गाळ. ताट्यांतून गळलेले तंतू, धूळ आणि क्षारांची खपली तळाशी बसते. या गाळाखाली प्राणवायू पोचत नाही, शेजारच्या मोकळ्या पाण्यात तो असतो. या फरकानेही विद्युतघट तयार होतो आणि गाळाखालचाच धातू खाल्ला जातो. टाकीला भोक नेहमी तळाच्या कोपऱ्यातच का पडते, ते आता कळेल.

चौथे, पितळी तोटी किंवा तांब्याचा तुकडा. तांबे आणि पितळ हे जस्तापेक्षा फारच कमी चंचल. त्यांच्या सहवासात जस्त झपाट्याने संपते. टाकीला पाणी सोडण्याची तोटी प्लास्टिकची असलेली बरी.

टाकीसाठी हे करा

• आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, गाळ काढा आणि तासभर कोरडी होऊ द्या. यात दुहेरी फायदा आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. टाकी दर आठवड्याला घासून रिकामी झाली तर त्याची पैदास होत नाही.

• घासायला नायलॉनचा ब्रश घ्या. लोखंडी तारेच्या ब्रशाने आणि काथ्या-राखेने जस्तच निघून जाते.

• पाण्यात मीठ, ब्लीचिंग पावडर किंवा फरशी धुण्याचे आम्ल टाकू नका.

• पावसाळा लागताच कूलर तसाच खिडकीत सोडू नका. टाकी धुऊन, उन्हात कडक वाळवून मगच झाकून ठेवा.

• नवी टाकी वापरण्याआधी आतून डांबरी रंगाचे दोन हात द्या. जुन्या टाकीवर गंजाचे ठिपके असतील तर ते काचकागदाने साफ करून आधी जस्तयुक्त प्रायमर लावा, तो वाळला की डांबरी रंग.

• जड पाणी असेल आणि दर आठवड्याची निगा जमणार नसेल, तर प्लास्टिकची टाकी घेणे सरळ परवडते.

खरेदी करताना

पत्रा घेताना गेजच्या जोडीला ‘जस्त किती ग्रॅम?’ हे विचारा. चांगल्या कंपन्यांच्या पत्र्यावर हा आकडा छापलेला असतो. गेजच्या बाबतीत एक गोंधळ नेहमी होतो. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. म्हणजे २४ गेजपेक्षा २८ गेजचा पत्रा पातळ.

पत्र्यावर मोठी चमकदार फुले दिसली म्हणजे जस्त चांगले, असा समज आहे. तो खरा नाही. ही फुले म्हणजे थंड होताना जस्ताचे बनलेले स्फटिक. अलीकडचे बरेच चांगले पत्रे जवळजवळ बिनफुलांचे असतात.

छपराचे हूक, बोल्ट आणि स्क्रू यांच्यावर पैसे वाचवू नका. चकचकीत दिसणाऱ्या बऱ्याच स्क्रूंवर विजेच्या साहाय्याने दिलेला पाच-दहा मायक्रॉनचाच थर असतो. वितळलेल्या जस्तात बुडवलेला बोल्ट दिसायला मंद आणि खडबडीत, पण थर कितीतरी जाड. छप्पर गळते ते बहुतेक वेळा पत्र्यातून नव्हे, हुकाच्या भोकातून.

पाण्याचा जस्ती नळ घेताना रंगाचा पट्टा पाहा. पिवळा पट्टा हलक्या नळाचा, निळा मध्यम, लाल जाड. नळाला आटे पाडले की तिथले जस्त निघून जाते, म्हणून गंज सांध्यापाशी सुरू होतो. सांध्यावर सूत आणि सफेदा नीट बसला आहे ना, हे नळकारागीर काम करत असतानाच पाहून घ्या. गरम पाण्याच्या लाइनीला जस्ती नळ शक्यतो टाळा. साधारण ६० अंशांच्या वर जस्ताचे संरक्षण भरवशाचे राहत नाही.

पावसाळ्यात नवे पत्रे एकावर एक रचून ठेवू नका. मधल्या फटीत ओल अडकते, हवा मिळत नाही आणि पत्र्यावर पिठासारखा पांढरा गंज धरतो. पत्रे तिरके उभे करून, मध्ये काड्या घालून, झाकून ठेवा.

आणि नव्या जस्ती पत्र्यावर नेहमीचा ऑइल पेंट थेट लावू नका. तो वर्षभरात पापुद्रे होऊन निघतो. जस्तासाठीचा खास प्रायमर आधी लावावा लागतो.

स्वयंपाकघरात जस्त नको

जस्त लोखंडाचे रक्षण करते, पण आंबटाशी त्याचे वैर आहे. लिंबू, चिंच, ताक, दही आणि लोणचे यांत ते पटकन विरघळते. सार्वजनिक कार्यक्रमात जस्ती बादलीत किंवा पिंपात लिंबाचे सरबत, ताक किंवा कढी करून ठेवणे धोक्याचे आहे. असे पेय प्यायल्यावर तासाभरात मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होऊ शकतात. त्यासाठी स्टीलचीच भांडी वापरा. साध्या पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत एवढे भय नाही. तरी जुन्या जस्ती नळांत रात्रभर साठलेले पहिले पाणी झाडांना घालावे आणि मग पिण्याचे भरावे. अशा जुन्या मुलाम्यात थोडे शिसेही असू शकते.

तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायची सवय असते. त्याच हाताने जस्ती बादली मात्र घासू नका. ती लख्ख दिसेल, पण तिचे कवच गेलेले असेल.

घरात वेल्डिंगचे काम निघाले तर आणखी एक काळजी. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळते आणि वेल्डिंगची ठिणगी त्याहून किती तरी तापट असते. त्यामुळे जस्ती नळ वेल्ड करताना दाट पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग दुखते. दूध किंवा गूळ घेतल्याने हे टळते, असे कारागीर मानतात. त्यावर विसंबू नये. काम मोकळ्या हवेत व्हावे, कारागिराच्या तोंडावर योग्य मास्क असावा आणि मुलांना तिथून दूर ठेवावे. सांधा थंड झाल्यावर त्यावर जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यायला सांगा. खर्च थोडा, पण फाटकाचे आयुष्य वाढते.

मुलांसाठी घरगुती प्रयोग

सुटीत मुलांना हे सारे डोळ्यांनी दाखवता येईल. काचेचे तीन पेले घ्या. प्रत्येकात पाणी आणि चमचाभर मीठ घाला. तीन साधे लोखंडी खिळे काचकागदाने घासून स्वच्छ करा. पहिला खिळा तसाच सोडा. दुसऱ्याला उघड्या तांब्याच्या तारेचे चार-पाच घट्ट वेढे द्या. तिसऱ्याला जस्ती तारेचे तसेच वेढे द्या. तीन-चार दिवस पेले हलवू नका.

तांब्याची तार गुंडाळलेला खिळा सर्वांत जास्त गंजलेला दिसेल. एकटा खिळा त्याहून थोडा कमी. जस्ती तारेच्या सोबतीतला खिळा मात्र बराचसा स्वच्छ राहील आणि तारेवर पांढुरका थर दिसेल. म्हणजे जस्ताने स्वतः झिजून खिळा वाचवला. प्रयोग झाल्यावर ते पाणी ओतून टाका आणि हात धुवा.

विजेच्या मनोऱ्याला हे संरक्षण ८५ मायक्रॉनचे मिळते आणि आपल्या टाकीला जेमतेम आठ ते वीस. एवढ्या पातळ पहारेकऱ्याकडून वर्षानुवर्षे काम करून घ्यायचे, तर त्याला आठवड्यातून एकदा कोरडे होऊ देणे आणि मीठ, आंबट व तांब्यापासून दूर ठेवणे, एवढे तरी करायलाच हवे. पुढच्या वेळी दुकानात गेजबरोबर जस्ताचाही आकडा विचारा. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदारही सांगू लागतात.